स्कॅन-संग्रहासाठी एकसंध डिस्क : प्रकल्प नोंदी, जुलै ते डिसेंबर 2013

सोमवार, 8 जुलै 2013

जुन्या वृत्तपत्रांच्या स्कॅनिंगचे काम सुरू झाले तेव्हा फाइल सर्व्हरवर प्रत्येकी 1800 जीबीच्या दोन डिस्का दिल्या होत्या, आणि स्कॅनिंग विभागाने त्यांची वाटणी आपल्या सोयीने, म्हणजे 1920 पूर्वीचे अंक एकीकडे आणि नंतरचे दुसरीकडे, अशी करून घेतली होती. वृत्तपत्राचे एक पान 400 डीपीआयला करड्या छटांत स्कॅन केले की त्याची टिफ फाइल सुमारे 55 एमबीची होते. आजवर जवळपास साठ हजार पाने झाली असून रोज सरासरी दीडशे पानांची भर पडते. याचा अर्थ सुमारे 3220 जीबी जागा व्यापलेली आहे आणि महिन्याला साधारण 200 जीबी लागतात, तेव्हा उरलेली जागा दोन महिनेही पुरणार नाही. शिवाय एका डिस्केतले खंड दुसरीत हलवण्याचा उद्योग विभागातील ताईंना दर आठवड्याला करावा लागतो, आणि त्यात एकदा एका खंडाच्या दोन प्रती झाल्याही आहेत. संपूर्ण संग्रह एकाच शेअरवर दिसावा, ही त्यांची मागणी रास्त आहे.

गेल्या वर्षी आपण दोन्ही होस्ट, म्हणजे फाइल सर्व्हरसह आपली सर्व व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) ज्यांवर चालतात ते संगणक, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय 5.0 या प्रणालीवर नेले आणि स्टोरेजमधून 10 टीबीचा एक नवा लन (होस्टला डिस्केसारखा दिसणारा स्टोरेजचा भाग) कापून घेऊन त्यावर व्हीएमएफएस-5 या ईएसएक्सआयच्या फाइल सिस्टिमचा डेटास्टोअर, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कांच्या फाइली ठेवण्याची जागा, तयार केला. (या नोंदींत 1 टीबी म्हणजे 1024 जीबी.) व्हीएमएफएस-5 चा डेटास्टोअर 64 टीबीपर्यंत जातो, हे मंजुरीच्या टिपणीत मीच लिहिले होते. आज त्यावर 6 टीबीची डिस्क करायला गेलो, तर क्लायंटने, म्हणजे व्यवस्थापनाच्या प्रोग्रामने, 2 टीबीच्या पुढचा आकडाच घेतला नाही. टिपणी लिहिताना मी डेटास्टोअरची मर्यादा वाचली होती, डिस्केची वाचली नव्हती. घर ऐसपैस बांधले, पण दरवाजा जुन्याच मापाचा ठेवला, असे झाले आहे.

बुधवार, 10 जुलै 2013

विभागप्रमुखांनी विचारले की हा 2 टीबीचा आकडा आला कुठून. त्यांना दिलेले उत्तर येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याचा संबंध येणार आहे.

डिस्केवरील प्रत्येक सेक्टर 512 बाइटचा धरला आणि सेक्टरचा क्रमांक लिहायला 32 बिटे दिली, तर 4,29,49,67,296 सेक्टर मोजता येतात आणि त्यांचे एकूण 21,99,02,32,55,552 बाइट होतात. हेच ते 2 टीबी. जुन्या पद्धतीच्या एमबीआर पार्टिशन तक्त्यात (डिस्केच्या विभागांच्या यादीत) हीच 32 बिटे आहेत आणि डिस्केला तिची क्षमता विचारण्याची जुनी स्कझी आज्ञाही 32 बिटांतच उत्तर देते. ईएसएक्सआय 5.0 मध्ये व्हर्च्युअल डिस्केच्या फाइलीची कमाल मर्यादा या आकड्याहून 512 बाइट कमी, म्हणजे नेमकी एक सेक्टर कमी आहे.

व्हीएमएफएस-3 च्या काळी याहून बारीक भानगड होती. डेटास्टोअर तयार करताना निवडलेल्या ब्लॉकच्या मापावर फाइलीचा कमाल आकार ठरत असे : 1 एमबीचा ब्लॉक घेतला तर 256 जीबी, 2 एमबीचा घेतला तर 512 जीबी, 4 एमबीला 1 टीबी आणि 8 एमबीला 2 टीबीला जरा कमी. एकदा चुकीचे माप निवडले की डेटास्टोअर रिकामा करून पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नसे. व्हीएमएफएस-5 ने ब्लॉक सरसकट 1 एमबीचा करून ही कटकट संपवली आणि डेटास्टोअरसाठी 2 टीबीची भिंतही पाडली, पण त्याच्या पोटातील डिस्केची भिंत तशीच राहिली.

शुक्रवार, 12 जुलै 2013

भिंत ओलांडण्याच्या चार वाटा तपासल्या.

अनेक लन जोडून एक डेटास्टोअर करणे, म्हणजे एक्स्टेंट, हा उपाय एका सहकाऱ्याने सुचवला. तो आपल्या प्रश्नाला लागूच पडत नाही. एक्स्टेंटने डेटास्टोअर वाढतो, आणि आपला डेटास्टोअर मुळात मोठाच आहे.

दुसरी वाट फिजिकल मोडच्या आरडीएमची. यात लन थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती दिला जातो आणि 5.0 मध्ये तो 64 टीबीपर्यंत चालतो. कागदावर हा उपाय सर्वांत सरळ आहे. परंतु अशा डिस्केचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची गोठवलेली स्थिती, ईएसएक्सआयला घेता येत नाही आणि आपला संपूर्ण बॅकअप स्नॅपशॉटवर उभा आहे. साठ हजार पानांपैकी अनेकांचे मूळ कागद आता हात लावण्याच्या अवस्थेत नाहीत, त्यामुळे बॅकअपला बाहेर ठेवणारा उपाय विचारातच घेता येत नाही. व्हर्च्युअल मोडच्या आरडीएमचा स्नॅपशॉट घेता येतो, पण तिथे पुन्हा 2 टीबी आडवे येतात.

तिसरी वाट म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतूनच आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने) स्टोरेजशी जोडून घेणे. येथे ईएसएक्सआयला डिस्क दिसतच नाही, म्हणून त्याची मर्यादाही लागत नाही. पण बॅकअपलाही ती दिसत नाही, आणि स्टोरेजचे वेगळे ठेवलेले नेटवर्क फाइल सर्व्हरपर्यंत आणावे लागते, जे मला पसंत नाही.

राहिली चौथी : 2 टीबीच्या आतल्या तीन डिस्का द्यायच्या आणि सेंटओएस 6 (फाइल सर्व्हरवरील लिनक्स) च्या आत एलव्हीएमने, म्हणजे अनेक डिस्का एकत्र करणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, त्या जोडून एकच व्हॉल्यूम करायचा. स्नॅपशॉट, बॅकअप आणि होस्ट बदलणे यांपैकी काहीच बिघडत नाही. फाइल सिस्टिम एक्सएफएस घ्यायची, कारण या आवृत्तीतील साधनांनी एक्स्ट-4 16 टीबीपुढे जात नाही आणि आणखी काही वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या नावाने उभा राहायला नको. व्हॉल्यूम पट्टेदार, म्हणजे डेटा सर्व डिस्कांवर पट्ट्यापट्ट्यांनी वाटणारा, न करता सरळ एकापुढे एक जोडलेला ठेवायचा, म्हणजे पुढे एकच डिस्क वाढवून भागेल. डिस्केवर पार्टिशन तक्ता मुळीच करायचा नाही, अख्खी डिस्क एलव्हीएमच्या ताब्यात द्यायची. एमबीआर नसेल तर एमबीआरची मर्यादाही नाही.

शुक्रवार, 19 जुलै 2013

बुधवारी संध्याकाळी 2040 जीबीच्या तीन डिस्का जोडल्या, एलव्हीएमचा गट केला, त्यावर 6 टीबीच्या थोडा आतला व्हॉल्यूम करून कॉपी सुरू केली. सर्व सुरळीत चालले होते. काल रात्रीच्या बॅकअपने मात्र या मशीनपाशी येऊन हात टेकले. फाइल कमाल आकारापेक्षा मोठी होत आहे, असा संदेश लॉगमध्ये होता.

चूक माझी. मी 2 टीबीच्या जितके जवळ जाता येईल तितके गेलो होतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्केशेजारी बदल साठवणारी एक फाइल तयार होते आणि ती वाढत वाढत मूळ डिस्केएवढी होऊ शकते. त्या बदलांचा हिशेब ठेवण्यासाठी तिला वर आणखी जागा लागते आणि ही बेरीजही 2 टीबीच्या आतच बसावी लागते. त्यामुळे ज्या डिस्केचा स्नॅपशॉट घ्यायचा आहे तिची खरी मर्यादा 16 जीबीने कमी, म्हणजे 2032 जीबी आहे. आठ जीबीच्या लोभापायी दोन दिवस गेले.

शनिवार, 20 जुलै 2013

डिस्का लहान करून पाहण्याचा प्रश्न नव्हता, कारण व्हर्च्युअल डिस्क लहान करता येत नाही आणि एक्सएफएसही आक्रसत नाही. नवा 1900 जीबीचा संच लावून आतल्या आत हलवणेही शक्य होते, पण व्हॉल्यूमने 6120 जीबी धरले होते आणि 1900 च्या तीन डिस्कांत ते मावत नाहीत. कॉपी जेमतेम 900 जीबी झाली होती आणि मूळ फाइली जुन्या जागी सुरक्षित होत्या. म्हणून सर्व मोडले आणि 1900 जीबीच्या तीन डिस्कांवर नव्याने उभारले. प्रत्येक डिस्क 4 एमबीच्या 4,86,399 तुकड्यांची दिसते. हिशेबाने 4,86,400 हवेत, शेवटचा एक एलव्हीएमच्या स्वतःच्या नोंदींसाठी जागा सोडल्यामुळे गळतो. या वेळी कॉपीला हात लावण्याआधी स्नॅपशॉट घेऊन, बॅकअप चालवून आणि स्नॅपशॉट काढून टाकून पाहिला. हे बुधवारी करायला हवे होते.

सोमवार, 29 जुलै 2013

कॉपी आणि चेकसम पडताळणी (प्रती मूळ फाइलींशी तंतोतंत जुळतात का, याची) पूर्ण. स्कॅनिंग विभागाला आता एकच शेअर दिसतो. जुन्या दोन डिस्का महिनाभर तशाच, पण मशीनपासून सोडवून ठेवल्या आहेत.

शनिवार, 24 ऑगस्ट 2013

पहिल्या होस्टची मेमरी वाढवायची होती, म्हणून सकाळी त्यावरील सर्व मशीन दुसऱ्या होस्टवर पाठवली. शेवटची दोन गेलीच नाहीत, आणि त्यांतील एक बंद करून दुसऱ्या होस्टवर चालू करू पाहिले तर मेमरी मिळत नसल्याचे सांगून तेही बसले. होस्टवर तर निम्म्याहून अधिक मेमरी मोकळी होती. कर्नेलच्या लॉगमध्ये व्हीएमएफएसची हीप कमाल आकाराला पोहोचल्याची तक्रार सापडली तेव्हा उलगडा झाला.

उघड्या असलेल्या डिस्क-फाइलींचे ब्लॉक कुठे आहेत, याची सारणी ईएसएक्सआय स्वतःच्या मेमरीतील एका राखीव कप्प्यात, म्हणजे या हीपमध्ये, ठेवते. आपल्या आवृत्तीत हा कप्पा मुळात 80 एमबीचा असतो आणि त्यात एका होस्टवर साधारण 8 टीबीच्या उघड्या डिस्कांचा हिशेब मावतो. फाइल सर्व्हर एकटाच आता 5700 जीबीचा आहे. एरवी मशीन दोन होस्टांवर वाटलेली असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात आले नाही. सर्व एकीकडे गोळा झाली आणि बेरीज साडेनऊ टीबीवर गेली. खरी चिंतेची बाब अशी की एखादा होस्ट रात्री-अपरात्री खरोखर बंद पडला असता तर उरलेल्या होस्टवर नेमके हेच झाले असते, आणि दोन होस्ट ठेवण्याचा आपला सगळा खटाटोप ऐन वेळी फुकट गेला असता.

कप्प्याची कमाल मर्यादा 256 एमबी केली. या आवृत्तीत त्याने सुमारे 25 टीबीपर्यंत भागते. बदल लागू व्हायला होस्ट पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणून दोन्ही होस्ट आळीपाळीने केले. रात्री नऊला सर्व मशीन मुद्दाम एकाच होस्टवर आणून तासभर तशीच ठेवली. आता जातात.

बुधवार, 4 सप्टेंबर 2013

बॅकअपमधून मशीन परत उभी करण्याची चाचणी घेतली. मशीन अख्खी परत आणली की काही अडत नाही, डिस्कांचा क्रम उलटसुलट झाला तरी एलव्हीएम त्या आपल्या खुणेवरून ओळखते. पण बॅकअपच्या साधनात एकेक डिस्क वेगळी निवडण्याचीही सोय आहे, आणि चाचणीत एका सहकाऱ्याने, मी न सांगता, दोन डिस्का रविवारच्या आणि एक सोमवारची घेतली. व्हॉल्यूम तक्रार न करता जोडला गेला, फोल्डर दिसले, आणि तिसऱ्या डिस्केवरील फाइली उघडताना फाइल सिस्टिमने चुका दाखवायला सुरुवात केली. तिन्ही डिस्का मिळून एकच वस्तू आहे हे आपल्याला ठाऊक असते, बॅकअपच्या पडद्यावर मात्र त्या तीन स्वतंत्र ओळी असतात. डिस्कांच्या नावांत आणि मशीनच्या टिपणात ठळक सूचना लिहिली आहे, पण सूचनेवर माझा फारसा भरवसा नाही.

26 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत व्हीएमवेअरच्या व्हीएमवर्ल्ड परिषदेत ईएसएक्सआय 5.5 ची घोषणा झाली असून तीत व्हर्च्युअल डिस्क 62 टीबीपर्यंत नेली आहे. 64 टीबीच्या डेटास्टोअरमध्ये स्नॅपशॉटसाठी 2 टीबी मोकळे राहावेत, असा तो हिशेब दिसतो. जुलैमध्ये मी आठ जीबींचा विचार केला नव्हता, त्यांनी दोन टीबींचा आधीच केला आहे.

मंगळवार, 24 सप्टेंबर 2013

5.5 रविवारी, 22 तारखेला उपलब्ध झाली. विभागप्रमुख म्हणाले, "लगेच चढवू या." मी थांबण्याची विनंती केली आणि कारणे लेखी दिली. दोन्ही होस्ट 5.5 वर असल्याशिवाय मोठी डिस्क करण्यात अर्थ नाही, कारण 5.0 चा होस्ट ती उघडू शकणार नाही आणि मशीन एकाच होस्टला खिळून बसेल. आपल्या बॅकअपच्या साधनाने 2 टीबीपुढील डिस्क वाचता येते असे लेखी कळवलेले नाही. आणि एक जुने मशीन अजून बसलॉजिकच्या (डिस्का जोडणाऱ्या जुन्या प्रकारच्या) कंट्रोलरवर आहे, त्या कंट्रोलरवर 2 टीबीपुढील डिस्क चालत नाही. त्याला अशी डिस्क द्यायची नसल्यामुळे ते आडवे येणार नाही, एवढीच नोंद.

शनिवार, 19 ऑक्टोबर 2013

बॅकअपच्या साधनाची नवी आवृत्ती आली, म्हणून आज आधी व्हीसेंटर (होस्टांचे व्यवस्थापन करणारा सर्व्हर) आणि मग दोन्ही होस्ट 5.5 वर नेले. फाइल सर्व्हरची व्हर्च्युअल हार्डवेअर आवृत्ती जाणूनबुजून 8 वरच ठेवली. ती 10 केली की जुन्या विंडोज क्लायंटमधून मशीनच्या मांडणीला हात लावता येत नाही, आणि मोठ्या डिस्केसाठी ती वाढवण्याची गरजही नाही.

शनिवार, 26 ऑक्टोबर 2013

चाचणीच्या मशीनवर 3 टीबीची डिस्क करून पाहिली. जुना क्लायंट अजूनही 2 टीबीवरच अडतो, त्यामुळे वेब क्लायंट वापरावा लागतो. तो फ्लॅशवर चालतो आणि एकेक पान उघडेपर्यंत चहा होतो.

महत्त्वाची गोष्ट वेगळीच निघाली. चालू मशीनची डिस्क 2 टीबीपुढे वाढवता येत नाही. त्यासाठी मशीन बंद करावी लागते. म्हणजे नंतर थोडी थोडी वाढवू असा विचार करून लहान डिस्क घेण्यात तोटा आहे. पातळ तरतुदीची, म्हणजे लिहिले जाईल तेवढीच जागा घेणारी डिस्क सुरुवातीलाच 8 टीबीची घ्यायची, असे ठरवले. तिचा स्नॅपशॉटही घेऊन पाहिला. या आकाराच्या डिस्केसाठी ईएसएक्सआय बदलांची फाइल एसई-स्पार्स या नव्या प्रकारात ठेवते, आणि बॅकअपच्या साधनाने तो प्रकार विनातक्रार वाचला.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर ते सोमवार, 4 नोव्हेंबर 2013

दिवाळीची सुट्टी आणि स्कॅनिंग बंद, याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

डेटास्टोअर 10 टीबीचा असून त्यात तीन डिस्कांचे 5700 जीबी आधीच होते, तेव्हा त्यांची दुसरी पूर्ण प्रत मावणारी नव्हती. म्हणून 8 टीबीची पातळ डिस्क चालू मशीनला जोडली, ती एलव्हीएमच्या गटात घेतली आणि पीव्हीमूव्हने (तुकडे हलवणाऱ्या एलव्हीएमच्या आज्ञेने) पहिल्या डिस्केवरील तुकडे नवीवर हलवले. ते पूर्ण झाल्यावर रिकामी झालेली डिस्क गटातून काढली, लिनक्सला ती सोडायला सांगितली, मग मशीनमधून काढून डेटास्टोअरवरूनही पुसली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी रात्र पार पडली. शेअर या काळात एकदाही बंद करावा लागला नाही. एका डिस्केला सुमारे आठ तास लागले, कारण वाचणे आणि लिहिणे एकाच स्टोरेजवर चालले होते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, तिसरी डिस्क निम्मी झालेली असताना घरच्या इंटरनेटने दगा दिला आणि दूरस्थ सत्र तुटले. मी ते स्क्रीनमध्ये (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवायला विसरलो होतो. वीस मिनिटांनी पुन्हा जोडून पीव्हीमूव्ह कोणत्याही डिस्केचे नाव न देता नुसते चालवले, तेव्हा त्याने 50 टक्क्यांच्या पुढचे आकडे दाखवायला सुरुवात केली. नक्कल करण्याचे काम कर्नेलमध्ये चालूच होते, तुटला होता तो फक्त त्याच्याकडे पाहणारा. त्या वीस मिनिटांत मी काय काय मनात आणले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

शनिवार, 9 नोव्हेंबर 2013

नव्या डिस्केचा पहिला पूर्ण बॅकअप साडेपंधरा तास चालला. फाइली चार टीबींच्या आसपास, पण बॅकअपने 5700 जीबी वाचले. पीव्हीमूव्ह फाइली हलवत नाही, व्हॉल्यूमने धरलेले तुकडे हलवते. त्यांतील मोकळे तुकडेही त्याने इमानेइतबारे शून्यांसकट उचलून नेले आणि पातळ डिस्केने ती शून्ये जागा देऊन लिहून घेतली. नव्या व्हॉल्यूमवर फाइली आरसिंकने (फाइलींची नक्कल करणाऱ्या साधनाने) नेल्या असत्या तर हे टळले असते, पण तीन डिस्का उभ्या असताना तेवढी जागा नव्हती आणि शेअर काही तास बंद ठेवावा लागला असता. जाणून घेतलेला हा सौदा आहे आणि मला तो आजही मान्य आहे. रोजचा बॅकअप केवळ बदललेले ब्लॉक वाचतो, त्यामुळे तो पूर्वीइतकाच, तासाभरात उरकतो.

शनिवार, 14 डिसेंबर 2013

सप्टेंबरमधील चाचणी पुन्हा घेतली, त्याच सहकाऱ्याच्या हाती साधन देऊन. पडद्यावर आता एकच ओळ आहे, तेव्हा दोन तारखांची डिस्क निवडणे शक्य झाले नाही. मात्र अख्खी डिस्क परत आणायला त्यांना जवळपास एक पूर्ण दिवस लागला; तीन डिस्का होत्या तेव्हा निदान त्या तीन वाटांनी एकाच वेळी आणता येत होत्या. एखाद्या खंडापुरती मागणी असेल तर बॅकअपमधून फाइली वेगळ्या काढायच्या, अख्खी डिस्क नाही, असे कार्यपद्धतीत लिहिले.

व्हॉल्यूम 5700 जीबींवरच आहे. नव्या डिस्केवर सुमारे 2490 जीबी शिल्लक आहेत, ते आत्ताच व्हॉल्यूममध्ये घेतलेले नाहीत. फाइली 5000 जीबींवर गेल्या की चालू मशीनमध्येच घ्यायचे, त्याला बंद करावे लागत नाही. आत्ताच्या गतीने ती वेळ मार्च किंवा एप्रिलमध्ये येईल. जुन्या दोन डिस्कांचे लन पुसून स्टोरेजला परत केले. दिवाळीत पुसलेल्या तीन डिस्कांची जागा स्टोरेजच्या बाजूला अजून मोकळी दिसत नाही, डेटास्टोअरला मात्र ती मोकळी वाटते. ती परत मिळवण्याची आज्ञा सोमवारी रात्री, बॅकअप संपल्यावर चालवायची आहे.